कडुलिंबाखालचं इंजिन

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. त्या साली पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग ओला होता तोवर पाऊस होता. नंतर जो गेला तो गेलाच. सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत, हरभऱ्याला ओल उरली नाही, आणि दसऱ्याच्या आधीच तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जायची बोलणी करू लागली. त्याच साली अबूबकरच्या जीपचं इंजिन बसलं.

अबूबकरला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. गाडी त्याचा मुलगा सादिक चालवायचा. तरी पुसेगावात त्या काळ्यापिवळ्या जीपला कुणी सादिकची जीप म्हणत नसे. खरं तर ती एकट्या अबूबकरचीही नव्हती. तांड्यावरच्या हरिचंदनं बैलजोडी विकून आणि अबूबकरनं बायकोच्या, हाजराबीच्या, पाटल्या मोडून दोघांनी मिळून ती घेतली होती. गाडी दारात आली त्या दिवशी हरिचंदच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, तिला हळदकुंकू लावलं होतं आणि हाजराबीनं मिरच्या ओवाळून नजर काढली होती. तेव्हापासून दर खंडेनवमीला अनुसयाबाई ताट घेऊन यायची, गाडीला हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायची आणि हाजराबीच्या हातचा गूळ घालून केलेला चहा पिऊन जायची. अबूबकर गेला त्या वर्षीसुद्धा आली होती. फूल वाहून झाल्यावर बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहिली होती.

इंजिन बसलं ते सेनगावच्या रस्त्यावर. आत बायाबापड्या, टपावर पोती. आधी पांढरा धूर सुटला, मग आत कुणी हातोडी मारल्यासारखा आवाज, आणि मग काहीच नाही. बाजाराचा दिवस होता. ट्रॅक्टरला दोर बांधून जीप ओढत आणली, तीही भर बाजारातून. ज्यांना कधी टपावर बसवून नेलं होतं ते लोक बाजूला सरकून बघत होते. सादिक स्टेअरिंगवर मान खाली घालून बसला होता, जणू गाडी त्यालाच ओढत नेत होती.

त्याच सुमाराला त्याच्या मेहुण्याचा, म्हणजे बायको शाहिस्ताच्या भावाचा, चाकणहून फोन आला. कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची जागा होती. दिवाळीपर्यंत धरून ठेवतो म्हणाला.

सादिकनं रात्री जेवताना सांगून टाकलं. इंजिन तो घरीच खोलणार होता. शोरूमला नेणं परवडण्यातलं नव्हतं. बापाच्या हाताखाली निम्मं आयुष्य गाडीखाली काढलेला माणूस, काम त्याला येत होतं. "दिवाळीपर्यंत चालू झाली तर झाली," तो म्हणाला, "न्हाईतर भंगारात घालतो अन् आमी चाकणला जातो. खोली लहान हाय. अम्माला नंतर नेऊ."

ते 'नंतर' ऐकून हाजराबीनं हातातली भाकरी ताटात ठेवली. नात गुलनाज तिच्या मांडीला टेकून झोपली होती. म्हातारी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि बाहेर अंगणात काळोखात उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या कडुलिंबाच्या आडव्या फांदीला साखळीची पुली बांधली. हरिचंद सकाळीच आला होता. सत्तरीचा माणूस, पण साखळी ओढताना त्याच्या दंडाची दोरी अजून उठून दिसत होती. फांदी करकरली, साखळीनं साल सोलली, आणि इंजिन बोकडासारखं लोंबकळत बाहेर आलं. खाली लाकडी फळ्यांवर गोणपाट अंथरून त्यावर ते ठेवलं. त्या दिवसापासून घराचं सगळं ध्यान त्या फळ्यांवर जाऊन बसलं.

ऑक्टोबरचं ऊन अंगणातच तळ ठोकून असायचं. वारा सुटला की लिंबाची पानं, मळणीयंत्राचा भुसा, रस्त्याची धूळ सगळं आत यायचं. हाजराबी दिवसातून कितीदा तरी अंगण झाडायची, पाणी शिंपायची, परत झाडायची. एका जागी तिचा पाय ठरत नव्हता. चुलीपाशी बसली की अंगणातलं काही राहिलंय असं वाटे, अंगणात आली की चुलीवरचं आठवे. येणारे जाणारे फाटकावरून विचारत, गाडी कधी व्हायची. तिला वाटे, प्रत्येकजण विचारतोय ते दुसरंच काहीतरी.

सादिक क्रँक, म्हणजे इंजिनातला जड दांडा, गोणीत बांधून हिंगोलीला लेथवर घासायला घेऊन गेला तेव्हा दुसऱ्याच्या जीपमध्ये उभ्यानं गेला. क्रँक पायाशी ठेवली होती. त्या ड्रायव्हरनं हसत हसत गोणीचंही तिकीट मागितलं, आणि सगळी गाडी हसली. हे त्यानं घरी येऊन सांगितलं नाही. शाहिस्ताला ते तिसऱ्याकडून कळलं. नव्या रिंगा आल्या, बेअरिंगं आली, सिलिंडरचे लायनर बदलून झाले. तेलाचा पंप झिजला होता. नवा मिळेना, तेव्हा हरिचंद आखाडा बाळापूरच्या बाजारात जाऊन एका जुन्या सामानवाल्याकडून पंप घेऊन आला. धोतराच्या सोग्यात बांधून, तान्हं पोर आणावं तसा. सादिकनं तो उलटसुलट फिरवून पाहिला, दात बघितले आणि चालंल म्हणाला.

व्हॉल्व्ह घासायचं काम मात्र हाजराबीनं कुणाला दिलं नाही. अबूबकरच्या काळापासून ते तिचं होतं. काडीच्या टोकाला रबराची वाटी असते. ती व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची आणि काडी दोन तळव्यांत धरून रवीनं ताक घुसळतात तशी फिरवायची, मधून मधून खरखरीत मलम लावायचं. व्हॉल्व्ह आपल्या जागी असा बसला पाहिजे की वर ओतलेलं डिझेल खाली झिरपता कामा नये. ती पाय पसरून बसायची, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, मांडीपाशी घ्यायची आणि घुसळत राहायची. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यांवर तेल बसलं. तेवढाच वेळ तिचं मन थाऱ्यावर असे. हात फिरत असले की वाटे, पोरगं जात नाही.

हेड धुऊन, फुंकून, प्रत्येक भोकात छत्रीची काडी घालून सादिकनं स्वतः साफ केलं. आता खालच्या ब्लॉकवर हेड चढवायचं तेवढं राहिलं. मधलं पॅकिंग आणायला तो हिंगोलीला निघाला ती खंडेनवमी होती. निघताना त्यानं उघड्या ब्लॉकवर जुनी चादर घातली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि आईला बजावलं, "अम्मा, चादर कुनाला उचलू देऊ नको. कोंबडीलाबी न्हाई."

तो गेला आणि ऊन कलायच्या आत अनुसयाबाई ताट घेऊन फाटकात उभी राहिली.

हाजराबीला वाटलं, सांगावं की या खेपेला नको, इंजिन उघडं आहे. पण इतक्या वर्षांत ताट कधी परत गेलं नव्हतं. अनुसयाबाईच्या गुडघ्यांना सूज होती, तांड्यावरून ती अर्धं अंतर बसत बसत आली असणार. ताटात झेंडू होता, त्या दुष्काळात कुठून मिळवला होता कोण जाणे. हाजराबीनं मनाशी म्हटलं, यंदाच तर देवाची जास्त गरज आहे, मग तो कुणाचा का असेना. आणि तिनं आपल्या हातानं दगड काढून चादर उचलली.

लोखंड घासून आरशासारखं झालं होतं. चार मोठी तोंडं, आजूबाजूला बारीक बारीक भोकं. अनुसयाबाईनं पदर सावरला, हळदकुंकवाची बोटं ओढली, चारी कोपऱ्यांवर भिजल्या अक्षता ठेवल्या, फूल मधोमध ठेवलं आणि कपाळ टेकवलं. मग दोघी आत जाऊन चहा प्याल्या. अनुसयाबाई जाताना म्हणाली की दिवाळीला याच गाडीत बसून देवीला जाऊ.

ती गेल्यावर हाजराबीनं घाईघाईनं फूल उचललं, ओढणीचं टोक डिझेलमध्ये बुडवलं आणि सगळं पुसून काढलं. कोपरे बोट घालून पुसले. लोखंड पुन्हा चकाकलं. चादर घातली, दगड ठेवले. सादिक आला, त्याला काही कळलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

हेड चढलं, गाडीत इंजिन बसलं. चालू करायच्या दिवशी हरिचंद धुतलेलं धोतर नेसून आला होता. दोन-तीनदा घरघर झाली, आणि इंजिन चालू झालं. काय आवाज होता तो. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, गुलनाजनं कान धरले, हाजराबीनं डोळे मिटून दोन्ही हात वर केले. पण हात खाली यायच्या आत वरून टक टक टक सुरू झालं. कोरडं, सुतार पक्ष्यासारखं. सादिकनं वरचं झाकण काढलं. इंजिन चालू असताना तिथं, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांवर, तेल उसळत असतं. तिथं एक थेंब नव्हता.

त्यानं इंजिन बंद केलं. "तेल वर येऊन न्हाई राहिलं," तो म्हणाला. असं चालवलं तर वरचं सगळं घासून जाणार होतं. तेल वर चढवायचं काम पंपाचं. आणि पंप हरिचंदनं आणला होता.

त्या संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात चारचौघांत सादिकच्या तोंडून निघालं, "बाळापूरच्या उकिरड्यातून पंप उचलून आनला. भागीदार हाय का दुश्मन, समजंना." बाकड्यावरचे लोक हसले. हरिचंद त्याच बाकड्याच्या टोकाला बसला होता. त्यानं अर्धा चहा राहिलेला ग्लास खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि उठून तांड्याच्या वाटेला लागला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सादिकनं खटपट करून नवा पंप आणला. पाठीवर झोपून गाडीखाली शिरला, खालचं तेलाचं पात्र उतरवलं, पंप बदलला. काळं तेल डोळ्यांत गेलं, कानात गेलं. शाहिस्ता दिवसभर चिंध्या पुरवत राहिली. पुन्हा चालू केलं. वर पुन्हा कोरडं. म्हणजे हरिचंदच्या पंपात काही खोट नव्हती, हे सगळ्यांना कळलं. पण चौकात बोललेला शब्द परत घ्यायला सादिक गेला नाही. ब्लॉकच आतून तडकला असंल म्हणाला आणि हात धुतले. दोनदा साबण लावून, कोपरापर्यंत. हाजराबीनं ते पाहिलं. काम संपल्यावर माणूस असे हात धुतो. मग त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. तो परवा टेम्पो घेऊन येणार होता. शाहिस्तानं माळ्यावरची पेटी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहिस्ता ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. एक दाणा उडून फरशीच्या फटीत पडला. तिनं तो काढायला बोट घातलं, तर दाणा आणखी आत गेला. पुन्हा बोट घातलं, आणखी आत. "जाऊ दे, मुंग्या खातील," म्हणून तिनं सोडून दिलं.

हाजराबी झाडणी हातात घेऊन तिथंच उभी राहिली. तिला आपली ओढणी आठवली. पुसल्यावर तिनं ती धुतली होती. हळदीचा डाग होता, कुंकवाचा होता. तांदूळ मात्र चारी कोपऱ्यांवर ठेवले होते तेवढे ओढणीत आले नव्हते.

आता बोलावं तर काय बोलावं? हिंदूच्या बाईच्या पूजेनं मुसलमानाची गाडी बिघडली, असं गावात फुटलं तर आजकालची रिकामी पोरं मोबाईलवर काय लिहितील याचा नेम नव्हता. न बोलावं तर उद्या टेम्पो येणार. सादिकला सांगितलं आणि तो रागाच्या भरात परत चौकात गेला तर? हरिचंदचा अर्धा चहा तिनं पाहिला नव्हता, तरी तिला दिसत होता. तिनं चपला घातल्या आणि कुणाला न सांगता तांड्याची वाट धरली.

अनुसयाबाई झोपडीपुढं वाळलेलं सोयाबीन काठीनं बडवत होती. हाजराबीला पाहून तिनं काठी थांबवली नाही. या म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. हाजराबी आपणच बाजेच्या कडेला टेकली आणि विचारलं की त्या दिवशी अक्षता किती होत्या.

काठी थांबली. अनुसयाबाई शहाणी होती, तिला फोडून सांगावं लागलं नाही. "म्हंजे माह्या पूजेनं गाडी बसली म्हनता?"

"तांदूळ तुझे. आत ढकलले मी. पुसायच्या नादात."

"आमच्या मालकाला चौकात बोल लावला, तवा कुठं होता हा हात?"

हाजराबी तळवे मांडीवर उताणे ठेवून बसली. व्हॉल्व्ह घासल्याचे फोड अजून सुकले नव्हते. अनुसयाबाईनं ते बघितले, मग दुसरीकडे बघितलं. कोंबडी येऊन सोयाबीन टिपू लागली ती हाकलली.

"काहून न्हाई म्हनलं न्हाई मला त्या दिवशी?" तिनं विचारलं. "उघडं हाय, नको, म्हनायचं. मी काय परकी हाय का?"

"परकी असतीस तर म्हनले असते."

अनुसयाबाईनं काठी भिंतीला लावली. तिची एकच अट होती. जे काही निघंल ते हरिचंदसमोर निघालं पाहिजे. मग ती मागच्या रानातून नवऱ्याला बोलावून आणायला गेली. तिघं तांड्यावरून गावाकडे चालत आली. हरिचंद पुढं, बाया मागं.

सादिक फाटकात उभा राहून फोनवर बोलत होता. हरिचंदला बघून त्याची नजर खाली गेली. हाजराबीनं त्याला सांगितलं की रॉकर उतरव आणि त्याखालचं भोक बघ. हेड मी स्वतः साफ केलंय, असं तो चिडून म्हणाला. ती म्हणाली की तू साफ केलंस त्यानंतरचं बघ, ब्लॉकमधून आलेलं. त्याला नीट कळलं नाही, पण आईचा आवाज त्यानं कधी असा ऐकला नव्हता. त्यानं पाना घेतला.

रॉकर निघाले. खाली काडीपेटीच्या काडीएवढं भोक होतं. सादिकनं छत्रीची काडी घेतली, टोक थोडं वाकवलं आणि आत घातलं. थोडी गेली आणि वळणावर अडली. त्यानं फिरवली, ओढली. काडी वर आली ती लालपिवळी होती. टोकाला चिखलासारखं काहीतरी, आणि त्यात फुगलेला तांदळाचा दाणा. पुन्हा घातली, पुन्हा तांदूळ. तेलानं खालून ढकलत ढकलत दाणे वर आणले होते आणि वळणावर कोंबले होते.

हरिचंदनं तो चिखल बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला.

"हळद हाय," तो म्हणाला.

"माही," अनुसयाबाई म्हणाली.

"अन् पुसली मी," हाजराबी म्हणाली. "चादर मीच उचलली होती."

सादिक आईकडे बघत राहिला, मग अनुसयाबाईकडे. खिशातला फोन वाजू लागला. भंगारवाला असणार. फोन वाजून वाजून बंद पडला. सगळ्या अंगणाला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि ते आयुष्यभर पुरणार.

त्यानं काडी पुसली आणि तिसऱ्यांदा आत घातली. या वेळी ती सरळ खाली गेली. "काका," तो म्हणाला, "हँडल मारा."

हरिचंदनं पुढं जाऊन लोखंडी हँडल लावलं, धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी फिरवलं. फिरवलं, परत फिरवलं. भोकातून आधी बुडबुडा आला. मग लालसर, मग काळं, मग मधासारखं स्वच्छ तेल हळूहळू वर चढलं आणि काठावरून ओघळलं. अनुसयाबाईनं तोंडावर पदर धरला. रडत होती की हसत होती, कळलं नाही.

सादिक रॉकर परत बसवील असं सगळ्यांना वाटलं. पण तो गाडीखाली शिरला आणि तेल उतरवायला लागला. शाहिस्तानं विचारलं की आता काय राहिलं. आतून त्याचा आवाज आला, "पंप बदलायचाय. काकाचा होता तो बसवतो."

चालू नवा पंप काढून जुना बसवायचं काही कारण नव्हतं. एक अख्खा दिवस त्यात जाणार होता. हरिचंद हे समजत होता. तो खाली वाकून पाने देऊ लागला, बारा नंबर, चौदा नंबर, मागायच्या आधी. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा हाजराबीनंच त्याला फाटकातून वाटेला लावलं. भंगारवाला कुरकुरला, पेट्रोलचं काय म्हणाला. तिनं त्याला चहा पाजला.

संध्याकाळी जीप निघाली ती आधी चौकात गेली. सादिकनं ती हॉटेलासमोर उभी केली आणि इंजिन बंद केलं नाही. पुढच्या सीटवर हरिचंद बसला होता. सादिक उतरला, चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि एक खिडकीतून त्याच्या हातात दिला. हरिचंदनं या खेपेला पूर्ण प्याला. पंप कुणाचा आहे, ते बाकड्यावरच्या लोकांनी विचारलं नाही, आणि तांदळाचं त्या अंगणाबाहेर कधी गेलं नाही.

सादिकनं चाकणला नाही म्हणून कळवलं. जीप त्यानंतर टाळेबंदी लागेपर्यंत चालली, ती उठल्यावरही थोडी चालली. पुढं कागदपत्रं होईनात, तेव्हा एक दिवस ती खरंच भंगारात गेली. पण ती आपल्या चाकांवर, आपल्या इंजिनानं चालत गेली. सादिक आता शाळेची गाडी चालवतो. गावातच आहे, फक्त पोट सुटलंय. चाकणच्या खोलीत शाहिस्ताचा भाऊ एकटाच राहतो आणि सुटीला इकडे येतो. गुलनाज हिंगोलीला नर्सिंग शिकते. हरिचंद एका उन्हाळ्यात दुपारी बाजेवर झोपला तो उठला नाही. त्याला न्यायला सादिक गेला होता, आणि तांड्याच्या लोकांनी तिरडीचा पुढचा खांदा सादिकला दिला.

अनुसयाबाईनं खंडेनवमी सोडली नाही. गाडी होती तोवर ती बंद बॉनेटलाच हळदकुंकू लावायची, फूल वाहायची आणि अक्षता हाजराबीच्या ओंजळीत घालून म्हणायची, धरा, तुमीच सांभाळा.

गाडी गेली त्या वर्षीही ती आली. गुडघे पार गेले होते, काठी टेकत आली. अंगण रिकामं होतं. कडुलिंबाखाली तेलाचा काळा डाग होता आणि वर फांदीवर साखळीनं पडलेली खाच. साल दोन्ही बाजूंनी भरून येत होती, पण खाच अजून दिसत होती. हाजराबीनं तिला खुर्ची दिली. अनुसयाबाईनं आधी झाडाला हळदकुंकू लावलं, मग वाकून त्या डागाला. ताटातले तांदूळ मुठीत घेतले आणि थोडे नाही, अख्खी मूठ डागावर टाकली.

"टाक अजून," हाजराबी म्हणाली. "आता कुठं अडकनार न्हाईत."

कोंबड्या आल्या आणि टिपू लागल्या. दोघींतल्या कुणीही त्यांना हाकललं नाही.